गोराईची गोल गोष्ट

माहीत आहे का? मुंबईच्या उपनगरात एक असा हॉल आहे, जिथे 8,000 माणसं एकाच वेळी मांडी घालून बसू शकतात आणि मधे खांब एकही नाही! ‘खांब आड येतोय हो, काही दिसत नाही’ ही आपली सनातन तक्रार इथे बाद. अर्थात दिसायचा प्रश्नच नाही म्हणा. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

पत्ता लिहून घ्या: ग्लोबल विपश्यना पॅगोडा, गोराई, बोरिवलीच्या खाडीपलीकडे.

कुडाळ तालुक्यातल्या वालावलहून जायचं कसं? सोप्पं! कुडाळला कोकणकन्या, दादरला उतरायचं, लोकलने बोरिवली, मग जेट्टीवरून खाडी ओलांडायची. कर्ली नदीच्या काठी वाढलेल्याला होडीत पाय कसा टाकावा हे सांगायला नको. देवळाशेजारी पाणी असतं हेही लक्ष्मीनारायणाच्या तळ्याने शिकवलेलंच आहे. नवं आहे ते समोरचं दृश्य: हिरव्यागार खारफुटीच्या डोक्यावर सोनेरी सुळका. पासपोर्टशिवाय ब्रह्मदेश!

आणि खरं सांगा, बोरिवली, नालासोपारा, विरार या पट्ट्यात एखादा काका किंवा आत्या राहत नाही असं वालावलात घर आहे का? चाकरमान्यांची वस्ती तिथे आणि बुद्धाचीही तिथेच. फरक एवढाच, की बुद्धाने खोली आपल्या आधी दोन हजार वर्षं घेतली. पण ती गंमत पुढे. आधी घुमट!

आकडे घ्या, आकडे! आतला व्यास 85 मीटर. आतली उंची 29 मीटर. बाहेरून टोकापर्यंत मोजलंत तर तीनशे फुटांच्या वर. विजापूरचा गोलघुमट, म्हणजे आपल्याकडच्या घुमटांमधला इतकी शतकं बिनविरोध निवडून येणारा उमेदवार, त्याचा आतला व्यास 38 मीटरच्या आसपास. गोराईने त्याला दुपटीहून मागे टाकलं. आदिलशाहाकडे कुजबूज गोल फिरवणारा सज्जा आहे, हे कबूल. पण गोराईत कुजबुजायलाच परवानगी नाही.

आता हा घुमट टिकलाय कशावर? शिस्तीवर! एकेक दगड 600 ते 700 किलोचा, राजस्थानी वालुकाश्म. प्रत्येक दगड असा घडवलाय की तो शेजारच्यात अडकून बसतो. खालून वर एकेक कडं चढवत न्यायचं, कडं लहान लहान होत जातं आणि अगदी मधोमध शेवटचा दगड बसला की सगळे एकमेकांना दाबून धरतात. वरून वजन येतं, त्यानेच पकड घट्ट होते. पाया मात्र आपल्या ओळखीचा, काळ्या बेसॉल्टचा.

पण एवढा खटाटोप का? सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब टाकून मोकळं व्हायचं की! तर तिथेच ग्यानबाची मेख आहे. काँक्रीटच्या आत सळई असते आणि समुद्राची खारी हवा सळई खाते. खिडकीचे गज पुन्हापुन्हा रंगवणाऱ्या मालवण किनाऱ्याच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. घुमट शतकानुशतकं उभा राहायला हवा होता, म्हणून दगड. बांधणाऱ्यांनी पुढच्या निवडणुकीचा नव्हे, पुढच्या सहस्रकाचा विचार केला. आजकाल रेअर आयटम!

माहीत आहे का? हा पॅगोडा यांगूनच्या प्रसिद्ध श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधलाय. तो भरीव. आत जायला जागाच नाही, बाहेरून प्रदक्षिणा घाला. गोराईचा मात्र आतून पोकळ. म्हणजे आत जाता येतं? थांबा, थांबा! दहा दिवसांचं विपश्यना शिबिर पूर्ण केलेल्यांनाच आत ध्यानाला बसता येतं. बाकीच्यांनी काचेपलीकडून बघायचं. गंमत बघा, भरीव असो वा पोकळ, पर्यटक बाहेरच!

शिबिराची फी किती? शून्य. राहणं, जेवण, सगळं जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पण दहा दिवस बोलायचं नाही (याला म्हणतात आर्य मौन), मोबाईल जमा, पहाटे 4 वाजता घंटा. मालवणी माणसाने दहा दिवस गप्प बसायचं? फी शून्य असली तरी किंमत फार झाली, मेल्या!

आता शेजार ऐका. पॅगोड्याची जमीन दान म्हणून मिळाली ती एस्सेलवर्ल्ड या तेव्हाच्या मनोरंजन नगरीच्या बाजूची, उद्योगपती सुभाष चंद्र यांच्याकडून. पाळणे सुरू होते तेव्हा एकीकडे किंकाळ्या, दुसरीकडे आर्य मौन. एका लाँचमधून आलेली दोन कुटुंबं जेट्टीवर उतरायची, एक डोकं गरगरवायला जायचं, दुसरं डोकं शांत करायला. मुंबईतच शक्य होतं हे!

गोष्ट डोकं खाजवण्याची नाही, डोकं दुखण्याची आहे. अक्षरशः! पॅगोड्याचा जन्म एका डोकेदुखीतून झाला. तो उभारणारे सत्यनारायण गोयंका, जन्म 1924, गाव मंडाले. मारवाडी घराणं, ब्रह्मदेशात जोरदार व्यापार आणि सोबत भयंकर मायग्रेन. डॉक्टर झाले, परदेशवाऱ्या झाल्या, गुण येईना. 1955 मध्ये ते रंगूनमधल्या, म्हणजे आजच्या यांगूनमधल्या, एका विपश्यना ध्यानकेंद्रात पोचले.

तिथले गुरू कोण? जटाधारी? भगवे? छे! सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. देशाचा हिशेब तपासणारा माणूस संध्याकाळी मनाचा हिशेब शिकवायचा. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनाही त्याने ध्यानाला बसवलं. विचार करा, आपल्या ट्रेझरी ऑफिसात साहेबांनी ‘बिलं नंतर, आधी श्वास बघा’ असं सांगितलं तर! आणि या अकाउंटंटचे गुरू सया तेजी. ते तर शेतकरी, भात पिकवणारे. म्हणजे भातशेतीवाला, मग हिशेबवाला, मग व्यापारी. या साखळीत एकाच्याही अंगावर भिक्षूचं चीवर नव्हतं. म्हणूनच की काय, नोकरदार उपनगराशी तिचं इतकं छान जमलं.

गोयंका 1969 मध्ये भारतात आले. मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर. मोजकी माणसं, त्यात स्वतःचे आईवडीलसुद्धा. आईवडिलांनी मुलाचं दहा दिवस ऐकून घेतलं, हा त्या शिबिरातला पहिला चमत्कार मानायला माझी हरकत नाही.

मग कसारा घाट चढून इगतपुरी. धम्मगिरी 1976 मध्ये सुरू झालं. 1994 मध्ये तिहार तुरुंगात किरण बेदींच्या काळात जवळपास हजार कैदी एका शिबिराला बसले. आणि जगभर खपलेल्या ‘होमो डेअस’ या पुस्तकाचं अर्पणपत्र उघडलंत तर नाव दिसेल एस. एन. गोयंका. लेखक युवाल नोआ हरारी त्यांचा शिष्य! माहीत होतं?

गोराईचा प्रवास मात्र कूर्मगतीचा. 1997 मध्ये आराखडा. 2000 मध्ये बांधकाम. 29 ऑक्टोबर 2006 रोजी मोठ्या घुमटाच्या मधल्या दगडात बुद्धाचे अस्थिधातू बसवले. हे मूळचे आंध्रातल्या भट्टिप्रोलूच्या स्तूपातले, महाबोधी सोसायटी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधानांकडून आलेले. मोठ्या घुमटावर आणखी दोन घुमट चढले, तिसरा 2008 च्या नोव्हेंबरात. 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन. वरच्या सुळक्याला खरं सोनं, बाकी अंगाला सोनेरी रंग. (काटकसर कुठे करावी हे मारवाड्याला सांगायला नको.) शिखरावरचं छत्र ब्रह्मदेशी लोकांनी दिलेलं. लाकडी दरवाजेही तिकडच्या कारागिरांनी कोरलेले.

2013 मध्ये एका मराठी वृत्तवाहिनीने ‘महाराष्ट्राची सात आश्चर्यं’ निवडली. अजिंठा, रायगड, दौलताबाद, लोणार, कास, सीएसटी आणि गोराईचा पॅगोडा! अजिंठ्याच्या रांगेत बसायला बाकीच्यांना शतकं लागली, याने चार वर्षांत नंबर लावला. वशिला? घुमटाएवढा गोल शून्य.

ब्रह्मदेश, ब्रह्मदेश काय चाललंय? कोकणी वाचकाला एव्हाना खाज सुटली असेल, कारण ब्रह्मदेशाचा राजा तर आपल्याकडे होता! अगदी घरात. 1885 च्या युद्धानंतर इंग्रजांनी थिबा राजाला मंडालेच्या सिंहासनावरून उचललं आणि 1886 मध्ये आणून ठेवलं रत्नागिरीत. बौद्ध राजा, तीस वर्षं कोकणात, 1916 मध्ये इथेच मृत्यू. थिबा पॅलेस आपण सहलीत बघतो, बाहेर येऊन सरबत पितो आणि विसरून जातो.

आता धरा ही खुर्ची! रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रजांनी 1908 मध्ये धाडलं कुठे? मंडालेला! म्हणजे सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. इंग्रजांनी नकळत चक्क एक्स्चेंज ऑफर काढली होती.

थिबाची नात टूटू पक्की रत्नागिरीकर झाली, बोलणं मराठी. तिच्या आजोबांच्या मंडालेतच जन्मलेल्या गोयंकांनी पुढे गोराईत पॅगोडा उभारावा! असं सिनेमात दाखवलं तर ‘काय पण योगायोग’ म्हणून आपण पॉपकॉर्न फेकू.

अजून एक ब्रह्मदेशी पार्सल बाकी आहे. पुण्याच्या वेशीवर देहूरोड. इकडे तुकोबांचं देहू, तिकडे लष्कराचा ऑर्डनन्स डेपो, मधे कामगारांची वस्ती. 1954 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले आणि 25 डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्ती बसवली. मूर्ती कुठली? रंगूनची!

तारीख परत वाचा. बाबासाहेबांची नागपूरची बौद्ध दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. म्हणजे देहूरोड तिच्या जवळपास दोन वर्षं आधी! ना राजधानी, ना तीर्थक्षेत्र, डेपोच्या भोंग्यावर उठणारी वस्ती. बौद्ध धर्म सोप्या भाषेत सांगणारं पुस्तक आपण लिहीत आहोत, असंही बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. तेच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, जे 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापून आलं. आणि 25 डिसेंबरच का आठवतो अजून? 1927 मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली. एक कोकणात, एक घाटावर, मधे 27 वर्षं. दरवर्षी या दिवशी देहूरोडला गर्दी लोटते, आणि ती सुट्टी आहे म्हणून नव्हे.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. येवा, कोकण आपलाच आसा!

चला, परत मुंबईत. वरळीत एक जपानी बौद्ध मंदिर आहे. बसमधून जाताना शंभरदा दिसतं आणि शंभरदा आपण मान फिरवतो. निप्पोन्झान म्योहोजी या पंथाचं हे मंदिर 1950 च्या दशकातलं, बिर्लांच्या मदतीने झालेलं. पंथाचे प्रमुख निचिदात्सु फुजी 1931 मध्ये भारतात आले, 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना काय म्हणायचे? गुरुजी! फुजी गुरुजी. यमक आपोआप जुळलं. आणि गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेची सुरुवात या मंडळींच्या जपानी मंत्राने होऊ लागली. साबरमतीचा चरखा, वर्ध्याची झोपडी, मंत्र जपानचा. ग्लोबल की काय म्हणतात ते हेच.

एका मासिकाने माणूस कुठे पोचतो, म्हायती आसा काय? गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. जन्म 1876, शाळा यथातथाच, नारळाच्या बागा सांभाळायचं काम. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाबद्दल वाचलं आणि पाय घराबाहेर पडला तो पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत थांबला. 1902 मध्ये तिथे दीक्षा. मग ब्रह्मदेश. (बघा, आला परत!) मग थेट हार्वर्ड, तेही चार वेळा. मधेच लेनिनग्राड. पाली भाषेचा हा पंडित शेवटी कुठे विहार काढतो? परळला, गिरणगावात! 1937 चा बहुजन विहार, कामगारांसाठी, पुन्हा बिर्लांच्या पैशाने. हार्वर्डहून परळला येणारे तेव्हाही थोडेच होते, आता तर गाडीच उलटी धावते. ज्यांना हे नाव गणिती-इतिहासकार डी. डी. कोसंबींमुळे माहीत आहे, त्यांच्यासाठी: हे त्यांचे वडील. फीचर लिहिणाऱ्यांनो, मुलांच्या मासिकाला कमी लेखू नका!

आता वर टांगलेली गंमत खाली काढू. बोरिवली स्टेशन. पश्चिमेला गेलात तर 2009 चा पॅगोडा. पूर्वेला गेलात तर? कान्हेरी! एकाच स्टेशनचे दोन दरवाजे आणि मधे दोन हजार वर्षं. पूल ओलांडायला पाच मिनिटं, गर्दीच्या वेळी पंधरा.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी, सगळी बेसॉल्टमध्ये खोदलेली. खोलीत झोपायला दगडी ओटा, दाराशी पाण्याची टाकी, पावसाचं पाणी खडकातल्या पन्हळींतून थेट टाक्यात. वॉटर हार्वेस्टिंगचा बोर्ड कुठेही नाही, नुसतं हार्वेस्टिंग. आणि शेजारी? बिबटे. तेव्हाही, आत्ताही.

देणगीदाराचं नाव पंख्याच्या पात्यावर लिहायची पद्धत आपली असं वाटतं ना? कान्हेरीचे शिलालेख वाचा. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा, चौलचा, नाशिकचा, अमुक लेणं दिलं, तमुक टाकं दिलं. ‘अक्षयनीवी’ नावाची सोय होती. मुद्दल ठेवायचं, हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची चीवरं. नवव्या शतकात तर गौड देशातून, म्हणजे बंगालच्या बाजूने आलेल्या एका भक्ताने 100 द्रम्म ठेवल्याची नोंद आहे. परप्रांतीय बोरिवलीत येऊन पैसे गुंतवतो, ही बातमी इतकी जुनी!

बरं, 11 व्या शतकात काही पारशी मंडळी कान्हेरी बघायला आली आणि भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. साल 1009 आणि 1021. ‘बंटी लव्ह्ज पिंकी’ खडकावर लिहिणाऱ्यांना आता वारसा सांगायला निमित्त मिळू नये, म्हणून हा परिच्छेद इथेच थांबवतो. (कोरू नका रे. दंड आहे!)

अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वरही कान्हेरीतच आहे. एका डोक्याचं मायग्रेन आठवून अंगावर काटा आला.

विरार फास्टमध्ये शिरता आलं तर आपला पुढचा स्टॉप नालासोपारा. फ्लॅटची जाहिरात सोडून या गावाबद्दल काय माहीत आहे? हे प्राचीन शूर्पारक. हो, परशुरामाच्या कथेतलंच! म्हणजे कोकणाचा सातबारा इथूनच सुरू होतो म्हणा ना. बौद्ध कथा सांगते की इथल्या पूर्ण नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधला. बिल्डर मंडळी, ऐकताय? पूर्ण, आणि ताबाही वेळेवर.

कथा राहू दे, वस्तू बघा. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा खणला. तो निघाला स्तूप. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती. तांब्यात चांदीचा, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. डब्यात डबा, डब्यात डबा! आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या डब्यात? मातीच्या भांड्याचे 13 तुकडे. बस्स. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. सोनं बाहेर, माती आत. सराफकट्ट्यावर कुणाला पटेल?

सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही त्याच साली मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा जवळच्या भुईगावात 1956 मध्ये. दोन तुकड्यांमधे 74 वर्षं. कुणाच्या वाडीत विहीर खणताना बाकीच्या आज्ञा निघाल्या तर आधी सेल्फी नको, आधी पुरातत्त्व खातं!

जाता जाता एक भारी आकडा. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्ध 84 लाख, त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे चारातले तीन आणि वर थोडे. मग रेकॉर्डही घरातच राहणार ना? गोराईचा घुमट जगातला सर्वांत मोठा खांबरहित पोकळ दगडी घुमट म्हणून मिरवतो. तिकडे नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप, 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झालेला, जगातला सर्वांत मोठा पोकळ स्तूप म्हणून ओळखला जातो. आता घुमट मोठा की स्तूप मोठा, हे ठरवायचंच असेल तर बोरिवलीकर आणि नागपूरकर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घ्या, ‘कुणाचं मोठं?’ एवढंच टाका आणि ग्रुप म्यूट करा. आर्य मौन!